आततायी : ताणलेल्या धनुष्यातून आलेला शब्द

भांडणाच्या भरात कुणी राजीनामा लिहायला बसतो आणि घरचे म्हणतात, "असा आततायीपणा करू नकोस." मागचापुढचा विचार न करता टोकाला जाणे, एवढाच आज या शब्दाचा अर्थ. मूळ अर्थ मात्र रक्तरंजित आहे. संस्कृतात 'आतत' म्हणजे ताणलेले, आणि आततायी म्हणजे धनुष्य ताणून उभा असलेला. स्मृतिग्रंथांनी सहा जणांना आततायी ठरवले : आग लावणारा, विष देणारा, शस्त्र उगारणारा आणि धन, जमीन किंवा बायको पळवणारा. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन कौरवांना आततायी म्हणतो, तो याच अर्थाने. मराठीत त्यातला खून गळाला आणि घाई उरली.

मला ते जुने धनुष्यच आवडते. दोरी ताणली आहे, बाण अजून सुटलेला नाही. नेमका हाच क्षण मेंदूचे अभ्यासक प्रयोगशाळेत पकडतात. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचे, पण मध्येच 'थांब'चा इशारा आला तर बोट आवरायचे. दिसायला पोरखेळ, पण भल्याभल्यांची बोटे चुकतात.

गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन या संशोधकांनी 1984 मध्ये याचा उलगडा शर्यतीच्या रूपात मांडला. डोक्यात 'कर' आणि 'थांब' एकाच वेळी धावतात. जो आधी पोचेल त्याचे खरे. निरोगी तरुणांत 'थांब'ला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात. इशारा उशिरा आला, तर तोवर 'कर' बराच पुढे गेलेला असतो. हा लगाम खेचण्यात कपाळामागच्या मेंदूचा उजवा भाग आणि मेंदूच्या खोलात दडलेले एक इवलेसे केंद्र यांचा मोठा वाटा असतो. कपाळामागचा हा मेंदू विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. (तरुणांवर आततायीपणाचा शिक्का का बसतो, याचे थोडे उत्तर इथे आहे, थोडे मोठ्यांच्या विसरभोळेपणातही असावे.)

आततायी, अविचारी, उतावीळ हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. अभ्यासक तसे करत नाहीत. सुटू पाहणारी कृती रोखता येते का, याची चाचणी वेगळी. आज मिळणारे थोडे सोडून उद्याच्या जास्तीसाठी थांबता येते का, याची वेगळी. दोन्हींचे निकाल फारसे जुळत नाहीत. बटणावरचे बोट अचूक आवरणारा माणूस दुसऱ्या चाचणीत आजचेच थोडे उचलू शकतो. त्याला आततायी म्हणणे चूक, तो उतावीळ.