घर उघडलं, विंडोज उघडेना

गणपतीच्या तोंडावर मालवण-गुहागरकडची बंद घरं उघडतात, मेन स्विच वर होतो, आणि संगणकावर एकच ओळ येते: बूट डिव्हाइस सापडत नाही. लगेच फॉरमॅट मारू नका. दोन डिस्क असल्या की पुष्कळदा दोन्ही शाबूत असतात, फक्त संगणक भलत्याच डिस्कचं दार ठोठावत असतो.

आधी बायोसमधली, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधली, तारीख पाहा. ती काही वर्षं मागे गेली असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल संपलाय. मेन बंद असताना आतलं घड्याळ त्याच्यावरच चालतं. हा सेल 3 व्होल्टचा, मल्टिमीटर 2.7च्या खाली दाखवत असेल तर बदला. सेल संपला की बऱ्याच बोर्डांची सेटिंग मूळपदावर जातात आणि बूटच्या क्रमात (कोणत्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचं त्यात) फोटोंची जुनी डिस्क विंडोज असलेल्या एसएसडीच्या (चिपवाल्या वेगवान डिस्कच्या) पुढे येते. साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, मोड एएचसीआयवरून रेडवर (RAID) गेला तर विंडोजचा लोगो दिसून निळा पडदा येतो; मोड पूर्ववत केला की पुरतं.

तारीख बरोबर असेल तर प्लग काढून साटा केबल दोन-तीनदा काढून घट्ट बसवा. खाऱ्या दमट हवेत पिनांवर थर बसतो. थर दिसत असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या.

आता प्लग काढूनच जुन्या डिस्कची केबल सोडवा. विंडोज उघडलं तर दोष बूटच्या क्रमाचा. एसएसडी बायोसमध्ये दिसतेय तरी उघडलं नाही, तर बूटलोडर, म्हणजे विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, जुन्या डिस्कवर असण्याची शक्यता मोठी. नवी एसएसडी घालताना जुनी डिस्क जोडलेली राहिली, की विंडोज स्वतः एसएसडीवर जातं आणि बूटलोडर जुन्या डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटच्या फायलींसाठीच्या छोट्या भागात) टाकतं.

जुनी डिस्क सुटीच ठेवा. फोटो टेबलावर सुरक्षित. विंडोज इन्स्टॉल करायच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून शिफ्ट-एफ10 दाबा आणि उघडलेल्या आज्ञांच्या खिडकीत डिस्कपार्ट (diskpart, डिस्कचे भाग पाडायचं साधन) उघडा. 'लिस्ट डिस्क'मध्ये एसएसडीसमोर जीपीटीच्या (डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायच्या नव्या पद्धतीच्या) रकान्यात चांदणी (*) हवी; नसेल तर पुढची कृती लागू नाही. विंडोजचा व्हॉल्यूम (डिस्कचा भाग) आकारावरून ओळखून निवडा, कारण इथे सी हे अक्षर भलत्यालाच मिळालेलं असू शकतं. आज्ञा इंग्रजीतच टाइप करायच्या: 'श्रिंक डिझायर्ड=300', मग 'क्रिएट पार्टिशन ईएफआय'. इथे थांबून 'लिस्ट पार्टिशन' द्या. चांदणी नव्या, 300 एमबीच्या पार्टिशनसमोर असेल तरच 'फॉरमॅट क्विक एफएस=एफएटी32' आणि 'असाइन लेटर=एस'. डिस्कपार्टमधून बाहेर पडून 'बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय', सीच्या जागी विंडोजचं खरं अक्षर.

विंडोज उघडलं की संगणक बंद करून जुनी डिस्क जोडा आणि बायोसमध्ये एसएसडीचाच विंडोज बूट मॅनेजर पहिला आहे ना, ते पाहा.