सिट्रस काउंटी: झरे, गोल्फ आणि ‘लक्षणीय हानी’

फ्लोरिडातल्या या काउंटीच्या नावातली संत्री केव्हाच गेली. 1887 मध्ये शेजारच्या हर्नांडो काउंटीपासून ही काउंटी वेगळी झाली आणि 1894-95 च्या हिवाळ्यात गोठवणाऱ्या थंडीने बागा करपल्या. नंतर फॉस्फेटच्या खाणी आल्या. पहिल्या महायुद्धात निर्यात थांबली आणि त्याही बसल्या. आजची बरीचशी करमणूक जुन्या काळाने टाकून दिलेल्या जागांवर उभी आहे. विथलाकूचीचा 74 किलोमीटरचा सायकलमार्ग बंद पडलेल्या रेल्वेच्या वाटेवर आहे, तर लेकँटोजवळचा नावाजलेला गोल्फ कोर्स चुनखडीच्या सोडून दिलेल्या खाणीभोवती 1980 च्या दशकात आखला गेला.

तरी माणसं येतात ती झऱ्यांसाठी. क्रिस्टल रिव्हर गावाजवळच्या किंग्ज बे या खाडीमध्ये सत्तरहून अधिक झरे आहेत आणि त्यांचं पाणी बारा महिने साधारण 22 अंशांवर असतं. समुद्राचं पाणी 20 अंशांखाली गेलं की मॅनॅटी, म्हणजे समुद्रगायी, तिथे फार काळ तग धरत नाहीत, म्हणून थंडीत त्या इथे जमतात आणि त्यांना पाहायला माणसंही. 1983 मध्ये अभयारण्य झालं. थ्री सिस्टर्स झऱ्यांभोवतीच्या सुमारे 57 एकरांवर घरं बांधायचा बेत होता. 2010 मध्ये ती जमीन सार्वजनिक पैशातून विकत घेतली गेली.

झऱ्यांच्या पाण्यावरचा खरा वाद मात्र एका शब्दप्रयोगावर अडलेला आहे: ‘लक्षणीय हानी’. राज्याचा 1972 चा जलकायदा सांगतो की, ज्यापुढे उपसा केल्यास लक्षणीय हानी होईल तो किमान प्रवाह ठरवा. पण लक्षणीय म्हणजे किती, हे कायद्यात कुठेच नाही. पाण्याचं नियमन करणाऱ्यांनी अधिवासाची 15 टक्के घट ही सीमारेषा धरली आणि त्यावरून प्रत्येक नदीचा आकडा काढला. होमोसासा नदीला 2013 मध्ये प्रवाहात 3 टक्के घट चालेल असं ठरलं, 2019 मध्ये तेच 5 टक्के झालं. किंग्ज बेला 2017 मध्ये 11 टक्के. अधिकारी म्हणतात, प्रत्यक्ष उपसा या मर्यादेच्या आतच आहे आणि प्रवाह आटतो तो मुख्यतः पावसाअभावी. काठावर राहणारे विचारतात, आधीच खालावलेल्या झऱ्याला आणखी घट ‘चालेल’ असं म्हणावंच का? मला हा प्रश्न रास्त वाटतो. पंधरा टक्के हा आकडा झऱ्याने दिलेला नाही, तो माणसांनी निवडलेला आहे.

गोल्फचा संबंध इथेच येतो. कोर्सना हवी असते चढउताराची, पाणी झटकन मुरणारी वाळू. ती ब्रुक्सव्हिलच्या कण्यावर, म्हणजे इथल्या लांबट वालुकामय उंचवट्यावर आहे, आणि झऱ्यांना पाणी मिळतं तेही याच वाळूतून. वर टाकलेलं खत नायट्रेट होऊन खाली उतरतं आणि झऱ्यांतल्या शेवाळाला पोसतं. झऱ्यांसाठी राज्याची मर्यादा लिटरमागे 0.35 मिलिग्रॅम आहे. या बाबतीत एकटा गोल्फ दोषी नाही. सेप्टिक टाक्या आणि घरांपुढची हिरवळ त्याच्या पुढे आहेत. पण गोल्फ आला की त्याच्याभोवती घरं येतातच.

2022 मध्ये टँपाकडून येणारा टोलरस्ता काउंटीत पोहोचला. त्याच वर्षी सीमेलगतचा, हर्नांडोच्या हद्दीतला 1993 चा जुना गोल्फ परिसर विकला गेला, आणि आता तिथे नव्याने आखलेले कोर्स सुरू झाले आहेत आणि घरं उभी राहत आहेत. खाली किंग्ज बेमध्ये पाणबुडे तळाचं शेवाळ उपसून पाणगवत हाताने लावत आहेत.