मलावीतली खताची दोन पोती

२००५ साली आफ्रिकेतल्या मलावी या देशात पावसानं दगा दिला आणि मका गेला. जवळपास ५० लाख लोकांना बाहेरच्या धान्याचा आधार लागला. राष्ट्राध्यक्ष बिंगू वा मुथारिका यांनी त्याच हंगामात खतावर अनुदान सुरू केलं. देणगीदार देश नाखूश होते, तेव्हा पहिल्या वर्षीचा खर्च सरकारनं स्वतःच उचलला. निम्म्याच्या आसपास लहान शेतकऱ्यांना कुपनं मिळाली. त्यावर ५० किलोची दोन पोती, एक लागवडीच्या खताचं आणि एक वरखताच्या युरियाचं, शिवाय सुधारित बियाणं.

पाऊसही चांगला झाला. २००७ मध्ये मलावीनं झिम्बाब्वेला मका विकला. (सरकारी आकडे मात्र फुगलेले असावेत. कोठारं एवढी भरली होती, तर २००८ मध्ये मक्याचे भाव का भडकले?)

तरीही फायदा खरा होता, आणि तो मजुरीत दिसतो. जानेवारी ते मार्चमध्ये गरिबाघरचा मका संपलेला असतो. नेमकी तेव्हाच स्वतःच्या रानात खुरपणी हवी असते, पण पोटासाठी दुसऱ्याच्या रानात जावं लागतं. या रोजंदारीला तिथे ‘गान्यू’ म्हणतात. आपलं पीक तणात जातं आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. घरात धान्य टिकलं की गान्यूला जाणारे हात कमी होतात आणि मजुरी वाढते. मका स्वस्त झाला, तर त्याच मजुरीत जास्त धान्य येतं.

अर्थव्यवस्था पालटते ती यापुढच्या टप्प्यावर, म्हणजे काही हात शेतीबाहेर पडून कारखान्यात, बांधकामावर, दुकानात लागतात तेव्हा. मलावीचं घोडं इथेच अडलं. एक हेक्टरही नसलेल्या रानात मका वाढला, तरी गाठीला पैसा उरत नाही. कुपन मिळतं तेही शेती करणाऱ्यालाच. २००८-०९ मध्ये जगभर खतं महागली आणि ही योजना देशाच्या अर्थसंकल्पाचा सुमारे १६ टक्के हिस्सा खाऊ लागली. मग रस्ते, सिंचन, कृषी सल्ला यांच्या वाट्याला काय येणार? त्यात गळतीही होती. एका अभ्यासात दिसलं की अनुदानाचं १०० किलो खत मिळालं, की शेतकरी पदरच्या पैशानं घेत असलेलं खत सुमारे २२ किलोंनी कमी घेतो.

युरियाची स्वस्त गोणी आपल्याही ओळखीची आहे. पण मलावीला समुद्रकिनारा नाही. खत परदेशी बंदरांवर उतरवून पुढे ट्रकनं किंवा रेल्वेनं आणायचं, आणि त्याचे डॉलर मुख्यतः तंबाखू विकून मिळवायचे. डिझेल आणि यंत्रांचे सुटे भागही त्याच डॉलरांतून घ्यायचे. अनुदान आणि उद्योग यांची खरी ओढाताण इथे होते. २०२० मध्ये जुन्या योजनेच्या जागी नवी आली आणि जवळजवळ सगळ्याच लहान शेतकऱ्यांपर्यंत नेली गेली. ते झेपेना, म्हणून पुढे लाभार्थी कमी करावे लागले. डॉलरही पुरेनात; नोव्हेंबर २०२३ मध्ये डॉलरचा अधिकृत भाव ११८० क्वाचांवरून (क्वाचा हे मलावीचं चलन) थेट १७०० वर नेला गेला.