चांगले स्पीकर घेतले तरी मैफल घरी का येत नाही?

आवाजाच्या नितळपणाचाच प्रश्न असेल, तर माझं मत घरी रेकॉर्डिंग ऐकण्याच्या बाजूने. रेकॉर्डिंगच्या वेळी मायक्रोफोन गायकापासून अनेकदा वीतभर अंतरावर असतो. सभागृहात पंचविसाव्या रांगेत बसलेल्याला गायकाचा श्वास किंवा तारेवर घासलेलं बोट ऐकू येत नाही, आणि शेजारच्याचा खोकला मात्र हमखास ऐकू येतो. तरीही मैफलीत काहीतरी जास्त मिळतं, हे सगळेच मान्य करतात. त्यातलं बरंचसं मोजता येतं.

आधी खोलीकडे बघू. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. रंगमंचावर उमटलेला स्वर आधी थेट आपल्यापर्यंत येतो आणि मग भिंती, छत यांच्यावर आपटून पुन्हा पुन्हा येत राहतो. त्यातले जे पडसाद पहिल्या तीस-चाळीस मिलिसेकंदांत पोहोचतात, त्यांना मेंदू वेगळा आवाज मानत नाही. तो त्यांना मूळ स्वरात मिसळून टाकतो आणि दिशा मात्र पहिल्यांदा आलेल्या ध्वनीवरूनच ठरवतो. ध्वनीचे अभ्यासक हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये हे तपशिलात मांडलं. स्वर भरदार वाटतो तो यामुळे. बाजूच्या भिंतींवरून आलेले पडसाद तर जास्तच मोलाचे. ते दोन्ही कानांत जरा वेगवेगळे पोहोचतात आणि आपण संगीताच्या आत बसलो आहोत असं वाटू लागतं. व्हिएन्नाचं १८७० सालचं म्युझिकफेराइन हे सभागृह बुटाच्या खोक्यासारखं लांबट, अरुंद आणि उंच आहे. त्याचं नाव आजही घेतलं जातं, त्याला सोनेरी नक्षीपेक्षा या जवळच्या भिंती जास्त कारणीभूत आहेत.

उरलेले पडसाद हळूहळू विरत जातात, तो निनाद. याचं गणित बसवलं वॉलेस सबाइन यांनी. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्ता काय बोलतो ते कुणाला कळेना, म्हणून तो दोष काढायचं काम या तरुण भौतिकशास्त्रज्ञाच्या गळ्यात पडलं. रात्री सगळं सामसूम झालं की जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांवरच्या गाद्या उचलून आणायच्या, व्याख्यानगृहात मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवून थांबवायची आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. मग सगळ्या गाद्या परत जागेवर. रिकाम्या दालनात आवाज साडेपाच सेकंदांच्या आसपास रेंगाळत होता. म्हणजे एक वाक्य विरायच्या आत दुसरं त्याच्यावर येऊन आदळायचं. या खटाटोपातून सूत्र निघालं: दालनाचं घनफळ जितकं मोठं तितका निनाद लांबतो, आणि ध्वनी शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका आखडतो. माणसंही ध्वनी शोषतात, म्हणून रिकाम्या सभागृहातली तालीम आणि भरल्या सभागृहातला कार्यक्रम वेगळा लागतो. सबाइन यांच्या सल्ल्याने बांधलेला बॉस्टनचा सिंफनी हॉल १९०० मध्ये उघडला.

वाद्यवृंदासाठी साधारण दोन सेकंदांचा निनाद उत्तम मानतात. घरातल्या खोलीत तो जेमतेम अर्धा सेकंद असतो. रेकॉर्डिंगमध्ये सभागृहाचा निनाद टिपलेला असतो हे खरं, पण तो समोरच्या दोन स्पीकरांमधून येतो, चहूबाजूंनी नाही. हेडफोनमध्ये तर वादक डोक्याच्या आत बसल्यासारखे वाटतात, आणि मान वळवली की सगळा रंगमंच सोबत वळतो.

घरात सगळ्यात जास्त हाल होतात ते खर्जाचे. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या (सेकंदाला ४३ कंपनं) आसपासचा सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून स्थिर लहरी तयार करतो. असा एक सूर सतत लावून ठेवा आणि खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा. भिंतीजवळ तो गडगडेल आणि मधोमध जवळपास नाहीसा होईल. स्पीकर कितीही महाग असोत, कोच मधोमध असेल तर ते पैसे वाया. भरीला, आवाज कमी ठेवला की कानाला आधी खर्जच ऐकू येईनासा होतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे दाखवलं होतं.

मैदानावरच्या प्रचंड कार्यक्रमात मात्र सभागृहाचे हे फायदे नसतात. तिथेही आवाज स्पीकरमधूनच येतो, आणि रंगमंचावरचा ड्रम ३४ मीटरवरच्या माणसाला दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. पण तिथे खर्ज कानांइतकाच अंगाला जाणवतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एका इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमात अतिखर्जाचे स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले. तो आवाज लोकांच्या लक्षातही येत नव्हता, पण स्पीकर चालू असताना त्यांच्या नाचण्यातली हालचाल सुमारे १२ टक्क्यांनी वाढली. हा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

मला सगळ्यात रोचक वाटतो तो झुरिक विद्यापीठातला, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. श्रोते मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपलेले होते आणि पियानोवादक त्यांच्यासाठी प्रत्यक्ष वाजवत होते. भावनांशी जोडलेल्या अमिग्डला या भागातली हालचाल वादकाला वाजवता वाजवता कळत होती आणि ती वाढावी म्हणून तो वादन बदलत होता. रेकॉर्ड केलेल्या संगीतापेक्षा या वादनाने अमिग्डला जास्त आणि अधिक सातत्याने जागी झाली. इथे सभागृह नव्हतं, चांगली जागा नव्हती, गर्दी नव्हती, निनादही नव्हता. श्रोता यंत्राच्या खडखडाटात हेडफोन लावून आडवा पडलेला होता.