मुठीतला चेंडू

शिकागोत 'बिकमिंग अ मॅन' नावाचा एक उपक्रम चालतो. त्यात किशोरवयीन मुलांच्या जोड्या लावतात. एकाच्या हातात चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात, ३० सेकंदांत त्याच्या मुठीतून चेंडू काढून घे. की लगेच झटापट सुरू. बोटं पिरगाळून होतात, मनगटं मुरगळून होतात. वेळ संपली की प्रशिक्षक विचारतो, "नुसता मागितला का नाहीस?" "मागून दिला असता होय त्यानं?" मग चेंडूवाल्याला विचारतात. तो म्हणतो, "दिला असता की. चेंडूच तर आहे."

समोरचा आपल्याला कमी लेखतोय असं गृहीत धरायचं आणि हात उचलायचा, ही सवय रस्त्यावर कदाचित जीवही वाचवते. म्हणूनच ती उपदेशानं सुटत नाही. मनात आलेला पहिला अर्थ आणि हात यांच्यात क्षणभर थांबायचं, हे सरावानंच अंगवळणी पडतं. जीवनकौशल्यांचं प्रशिक्षण म्हणतात त्याचा गाभा हाच. या उपक्रमाच्या काळात त्यातल्या मुलांच्या हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. तिथल्या बालबंदीगृहात अशाच पद्धतीचं प्रशिक्षण दिल्यावर सुटलेली मुलं पुन्हा आत येण्याचं प्रमाण २१ टक्क्यांनी कमी झालं.

या वयात थांबणं अवघडच असतं. मेंदूचा आवर घालणारा भाग विशीतही पक्का होत असतो, आणि मित्र बघत असले की धोका पत्करायची ओढ आणखी वाढते. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या खेळातून हे दाखवलं.

मग मुलांना धाक का दाखवू नये? अमेरिकेत मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दरडावून घेण्याचे प्रयोग झाले. काटेकोर चाचण्यांत दिसलं की अशा मुलांकडून गुन्हे उलट जास्त घडले. मला हे वाचून वाईट वाटलं, नवल मात्र वाटलं नाही. भीतीनं थांबायचं कसं ते कळत नाही.

लायबेरियातल्या मोनरोव्हियात गुन्हेगारीच्या वाटेवरच्या ९९९ तरुणांबरोबर थांबायला शिकवण्याचा असाच प्रयोग झाला. काहींना आठ आठवड्यांचं प्रशिक्षण मिळालं, काहींना २०० डॉलर, काहींना दोन्ही. नुसत्या प्रशिक्षणाचा परिणाम वर्षभरात ओसरू लागला. दोन्ही मिळालेल्यांचे गुन्हे मात्र, काहीच न मिळालेल्यांच्या तुलनेत, दहा वर्षांनंतरही जवळपास निम्मेच होते. शिकलेलं वापरून बघायला हाताशी थोडा आधार लागतो. तिथे सरावात नीटनेटके कपडे घालून बँकेत जाऊन येणंही होतं. ज्या दारातून आजवर हाकललं गेलं, त्यातूनच आत जायचं.

सुधारगृहातून सुटणाऱ्या मुलालाही असंच एक दार गाठायचं असतं. नोकरीच्या मुलाखतीत त्याला विचारतील, "मधली दोन वर्षं कुठे होतास?" या प्रश्नाचं खरं उत्तर मान खाली न घालता, आवाज न चढवता द्यायचं. ते पहिल्यांदा कुणाच्या तरी समोर, चुकायची मुभा असलेल्या खोलीत बसून म्हणून बघायला हवं. दहा वेळा, वीस वेळा.