चार सूत की एम १२? बोल्ट घेण्याआधी वाचा

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. सळईच्या दुकानात ‘चार सूत’ म्हटलं की १२ मिमीची सळई मिळते, आणि ते सर्वांना ठाऊक असतं. बोल्टला मात्र हा हिशोब लावू नका. चार सुती बोल्ट १२.७ मिमीचा, एम १२ हा १२ मिमीचा. आट्यांचं अंतरही निराळं : एम १२ ला १.७५ मिमी, चार सुती व्हिटवर्थला (जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या आट्यांना) २.१२ मिमी, कारण त्याला इंचाला १२ आटे असतात. अमेरिकी पद्धतीच्या यूएनसीला १३.

चार सुती बोल्ट एम १२ च्या नटात शिरतच नाही, म्हणून ती चूक जागीच कळते. उलटी चूक वाईट. एम १२ चा बोल्ट चार सुती नटात एक-दोन फेरे हाताने जातो, मग अडतो. आटे गंजले असतील असं समजून पाना लावला, की सगळा भार एक-दोन आट्यांवर येतो आणि ते कापले जातात. यूएनसी बोल्टचं डोकं पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिमी; एम १२ च्या बऱ्याच बोल्टचं १९ मिमी. पाना दोन्हींना बसतो, म्हणून पान्यावरून ओळखू नका.

पिच गेज (आट्यांचं अंतर ओळखायच्या पात्यांचं साधन) नसेल तर व्हर्नियरने पहिल्या आट्याच्या टोकापासून अकराव्याच्या टोकापर्यंत मोजा. १७.५ मिमी आलं तर एम १२, १९.५ आलं तर यूएनसी, २१.२ आलं तर व्हिटवर्थ. तीन सूत आणि एम १० यांत फार जपा : १५.९ आणि १५, फरक मिलिमीटरभरही नाही. तिथे व्यासही मोजा. तीन सूत ९.५ मिमीच्या आसपास भरतो.

टॅप मारायचा, म्हणजे भोकात आटे पाडायचे असतील तर मिमीच्या बोल्टला व्यासातून आट्यांचं अंतर वजा करा : एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५, एम १२ ला १०.२ मिमीचं ड्रिल. चार सुती व्हिटवर्थला १०.५.

कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा नेहमीचा स्क्रू पाव इंची, इंचाला २० आट्यांचा. त्या जागी एम ६ घालू नका, कॅमेऱ्यातले आटे जातील. नळाचा ‘अर्धा इंच’ तर बाहेरून २१ मिमी भरतो. तो मागताना ‘पाइपचा’ असं स्पष्ट सांगा.

जुना बोल्ट आणाल तेव्हा त्याचा नटही सोबत आणा. बोल्ट झिजला असला, तरी नटात आमचा नमुना फिरवून खात्री करता येते.