गॅस संपला नाही, शिरलाय

इमारतीतला थंडावा गेला की निदान ठरलेलं असतं : “गॅस संपला असेल, भरून घ्या.” घरच्या एसीतलाही गॅस वापरून संपत नाही, गळून जातो, पण ते असो. ॲब्सॉर्प्शन चिलरपुढे, म्हणजे कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर चालून इमारतीसाठी पाणी गार करणाऱ्या यंत्रापुढे, उभं राहून हेच म्हटलं, तर निदान पार उलटं होतं. इमारतींसाठी वापरल्या जाणाऱ्या लिथियम ब्रोमाइड हा क्षार वापरणाऱ्या चिलरमध्ये भरण्याजोगा गॅसच नसतो. तिथे थंडावा देतं ते साधं, शुद्ध पाणी. म्हणून थंडावा कमी झाला की पहिला संशय घ्यायचा तो आत नको तो वायू शिरल्याचा.

पाणी १०० अंशांना उकळतं, कारण त्यावर पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका हवेचा दाब असतो. बंद भांड्यात हाच दाब ६ मिलिमीटरच्या आसपास आणला, तर पाणी ४ अंश सेल्सिअसला उकळतं. त्यासाठी लागणारी उष्णता ते इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे हे पाणी उकळतं त्या कप्प्याच्या, नळ्यांमधल्या पाण्यातून ओढून घेतं. नळ्यांत १२ अंशांना शिरलेलं पाणी ७ अंशांना बाहेर पडतं आणि इमारतभर फिरतं.

पण तयार झालेली वाफ तिथेच साचली, तर दाब वाढून उकळणं थांबेल. एडिंबरामध्ये जॉन लेस्लीने १८१० साली यावर तोड काढली होती. हवा काढून घेतलेल्या भांड्यात त्याने पाण्याशेजारी सल्फ्युरिक आम्ल ठेवलं. आम्ल वाफ पीत राहिलं, पाण्याची वाफ होत राहिली आणि उरलेल्या पाण्याचा बर्फ झाला. चिलरमध्ये आम्लाची जागा लिथियम ब्रोमाइडच्या दाट द्रावणाने घेतली आहे. दमट हवेत मीठ ओलं होतं, त्याच ओढीचं हे कैक पटींनी जोरकस रूप. वाफ पिऊन पातळ झालेलं द्रावण जनरेटरमध्ये तापवून पुन्हा दाट करतात, आणि त्यातून निघालेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन पाणी म्हणून परतते.

ही ओढ किती वाफ गिळते? १०० टनांचा चिलर घ्या. हा टन वजनाचा नव्हे. थंडाव्याचा एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट. अशा यंत्रात तासाला जवळपास ५०० किलो पाणी उकळतं. इतक्या कमी दाबाला एक किलो वाफ दीडशे घनमीटरहून जास्त जागा व्यापते. म्हणजे तासाला ७५ हजार घनमीटरहून अधिक वाफ कॉम्प्रेसरशिवाय, नुसत्या द्रावणाच्या तहानेवर, एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाते!

आणि हे सगळं घडतं फार तर एक-दोन मिलिमीटरच्या उतारावर. द्रावणाचा बाष्पदाब पाण्याच्या बाष्पदाबापेक्षा तेवढाच काय तो कमी असतो. आता आत थोडी हवा शिरली असं समजा. बाहेरची एक लिटर हवा आत सव्वाशे लिटर होऊन पसरते, पण खरी खोडी ती पसरल्यावर करते. वाफ द्रावणात मुरते, हवा मुरत नाही. वाफेच्या लोंढ्याबरोबर ती द्रावणाच्या पृष्ठभागापर्यंत ढकलली जाते आणि मागून येणाऱ्या वाफेमुळे परतू शकत नाही. त्यामुळे सगळ्या भांड्यात हवा नगण्य असली, तरी नेमकी द्रावणालगत ती दाटते. एकूण दाब सगळीकडे जवळपास सारखाच, पण पृष्ठभागापाशी त्यातला मोठा वाटा हवेचा. साहजिकच वाफेचा आंशिक दाब तिथे घसरतो आणि तो एक-दोन मिलिमीटरचा उतारच सपाट होतो. वाफ इव्हॅपोरेटरमध्ये तुंबते. तिथला दाब ६.१ वरून ७.५ मिलिमीटर झाला, की पाणी ४ ऐवजी ७ अंशांना उकळू लागतं. ७ अंशांना उकळणाऱ्या पाण्याकडून ७ अंशांचं पाणी कसं मिळणार?

म्हणून आधी पर्जिंग : व्हॅक्यूम पंपाने हा उपरा वायू उपसायचा. त्यानंतर थंडावा परतला तरी काम संपत नाही, कारण वायू आला कुठून हा प्रश्न उरतोच. पंपाची बाहेर सोडणारी नळी तेलात बुडवून मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मोजतात आणि नोंदवून ठेवतात. आकडा चढत असेल तर यंत्रात नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने, किंवा हेलियम वापरून गळती शोधायची. गळती सापडली नाही, तरी वायू साचतोच आहे? मग तो हायड्रोजन असू शकतो. आतलं लोखंड गंजताना तो तयार होतो. गंज रोखण्यासाठी द्रावणात लिथियम क्रोमेट किंवा मॉलिब्डेट घालतात, त्याचं प्रमाण प्रयोगशाळेत तपासून घ्यावं लागतं. हवेतला ऑक्सिजन गंज वाढवतो, म्हणजे एका दुखण्यातून दुसरं निघतं.

बाकीचे संशयित थोडक्यात. ॲब्सॉर्बरच्या, म्हणजे द्रावण वाफ पितं त्या कप्प्याच्या, द्रावण थंड ठेवणाऱ्या नळ्यांत क्षार बसले की द्रावण गरम राहतं आणि त्याची तहान मंदावते. द्रावणात थोडं ऑक्टाइल अल्कोहोल असतं, ते पृष्ठभाग ढवळता ठेवतं. पर्जिंगबरोबर ते हळूहळू निघून जातं. नमुन्याला त्याचा उग्र वास येत नसेल, तर घालायची वेळ झाली. इव्हॅपोरेटरमधल्या पाण्यात द्रावण मिसळलं तर त्याचा उत्कलनबिंदू वाढतो. पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १ च्या वर सरकलेलं दिसतं. स्फटिकीकरण मात्र यंत्र ठप्पच करतं. ६५ टक्क्यांच्या आसपासचं दाट द्रावण पुरेसं थंड झालं की उष्णता विनिमयकातच (गरम आणि थंड द्रावणात उष्णतेची देवाणघेवाण होते त्या भागात) गोठतं. यंत्राची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कूलिंग टॉवरचं पाणी अचानक फार थंड झालं किंवा वीज जाऊन द्रावण पातळ करायचं राहिलं, की हे घडतं. जास्त थंड पाणी म्हणजे जास्त थंडावा, हा हिशेब इथे चालत नाही.

‘वाया जाणाऱ्या उष्णतेवर फुकट एसी’ ही जाहिरातही जपूनच वाचावी. एकदाच उष्णता वापरणारं साधं यंत्र एक युनिट उष्णतेत साधारण ०.७ युनिट थंडावा देतं, आणि दोन्हींची बेरीज टॉवरला बाहेर टाकावी लागते. त्यामुळे तेवढ्याच थंडाव्यासाठी कॉम्प्रेसरवाल्या यंत्राच्या जवळपास दुप्पट उष्णता टॉवरवर येते. ते पाणी, ते पंप, ती नळ्यांची सफाई फुकट नसते.

यंत्र दीर्घकाळ बंद ठेवायचं असेल, तर द्रावण पातळ करून आत बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाबाने कोरडा नायट्रोजन भरून ठेवतात. मग एखादी फट असलीच तर नायट्रोजन बाहेर जातो, हवा आत येत नाही. सुरू करण्यापूर्वी तो सगळा उपसावा लागतो, कारण द्रावणाच्या दृष्टीने नायट्रोजनही उपराच.